दांडीतला कंप

पनवेलच्या वाद्यपरीक्षण केंद्रातील निनादमुक्त खोलीत यंत्रवादकाने तोच स्वर पुन्हा छेडला, आणि संगणकाच्या पडद्यावरची रेषा पुन्हा नागमोडी झाली.

डॉ. नीलांबरी पेडणेकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. यंत्रवादक म्हणजे दोन धातूचे हात. एक हात तार दाबतो, दुसरा छेडतो. माणसाच्या हातात येणारा कमीजास्तपणा या हातांत नसतो, म्हणून वाद्याचा खरा गुण-दोष तेच सांगतात, असे केंद्राचे तत्त्व होते. त्या तत्त्वाप्रमाणे समोरची गिटार सदोष होती. स्वर सेकंदाला पाच वेळा वर-खाली होत होता.

गिटार दिसायला देखणी होती. महोगनीचे अंग, वर मेपलची पातळ फळी, आणि खालच्या तारांच्या बाजूला, दांडीपाशी, एकच खोलगट काप. दांडीवरच्या, वरच्या पट्टीतल्या पडद्यांपर्यंत हात जावा म्हणून तो काप असतो. अंग वजनदार, दांडी अंगात पक्की चिकटवलेली. बांधणीत बोट ठेवायला जागा नव्हती. कोल्हापूरच्या एका नव्या कारखान्याने ती प्रमाणपत्रासाठी पाठवली होती.

प्रमाणपत्रासाठी दोन निकाल जुळावे लागत, एक यंत्राचा आणि एक कानाचा. कानाचा निकाल देत होते इग्नेशियस तुस्कानो. ते वसईचे. चाळीस वर्षे ध्वनिमुद्रणांत गिटार वाजवून आता केंद्रात परीक्षक म्हणून येत. नवी गिटार महिनाभर हातात खेळवल्याशिवाय ती बोलत नाही, या मतावर ते ठाम होते. म्हणून ही गिटार त्यांनी महिनाभर घरी वाजवली होती, आणि निकाल लिहून दिला होता की इतक्या सरळ उभ्या राहणाऱ्या स्वराची गिटार त्यांनी आजवर हाताळली नाही.

“सरळ?” पेडणेकर म्हणाल्या. “सर, ही रेषा बघा. याला सरळ म्हणायचं?”

तुस्कानोंनी रेषेकडे पाहिलेच नाही. यंत्राचा हात सैल झाला असेल, तो आधी तपासून घ्या, असे त्यांचे म्हणणे पडले.

पेडणेकरांनी हात तपासून घेतला. सांधे आवळले, बोटांची रबरे बदलली. केंद्रातली जुनी साधी गिटार लावली, तर रेषा सुतासारखी सरळ आली. कोल्हापूरची लावली की नागमोडी. मग त्यांनी तुस्कानोंनाच त्या खोलीत बसवले आणि त्याच ध्वनिग्राहकासमोर तीच गिटार वाजवायला लावली. रेषा सरळ आली.

हे मात्र पेडणेकरांना सहन होईना. यंत्राच्या हातात वाकडी आणि माणसाच्या हातात सरळ, असे कधी झालेले नव्हते. त्यांनी कारखान्याकडून दुसरा नमुना मागवला आणि आल्या आल्या यंत्रवादकाला दिला. रेषा सरळ. त्यांना वाटले, सुटले. पहिलाच नमुना खराब होता. पण तुस्कानोंनी हट्ट धरला की हीसुद्धा घरी नेल्याशिवाय कानाचा निकाल मिळणार नाही. काही आठवड्यांनी ते ती परत घेऊन आले. स्वर अप्रतिम आहे, फक्त मुद्दाम हलवायला गेलं तर ती जरा विरोध करते, असे म्हणाले. यंत्रवादकाने ती वाजवली. नागमोडी.

“तुम्ही घरी नेमकं काय करता या गिटारींना?” पेडणेकरांनी विचारले. त्यांचा आवाज चढला होता.

“वाजवतो, बाई,” तुस्कानो म्हणाले. “दुसरं काय करणार?”

त्या दिवशी ते दुखावून घरी गेले. पेडणेकरांनाही नंतर वाईट वाटले, पण त्याहून जास्त वैताग आला होता. दोन महिने एका गिटारीत गेले होते आणि निकालाचा पत्ता नव्हता. शेवटी त्यांनी कारखान्यातल्या शास्त्रज्ञांना, डॉ. अन्वर मुजावरांना, बोलावून घेतले.

मुजावर उत्साही गृहस्थ होते. त्यांनी पहिली गिटार उचलली, एक स्वर वाजवला आणि भुवया उंचावल्या. त्यांच्या हातातही तो डुगडुगत होता. पेडणेकरांनी सगळी हकीगत सांगितली. तुस्कानो कोपऱ्यात चहाचा कप घेऊन बसले होते. आपली बाजू मांडायची त्यांची इच्छाच उरली नव्हती.

“या दांडीत नक्की काय घातलंय तुम्ही?” पेडणेकरांनी विचारले.

मुजावरांनी सांगितले की लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये एक समतोल थर आहे. दमट हवेने दांडी वाकते आणि स्वर उतरतो, ही गिटारवाल्यांची जुनी डोकेदुखी. तो थर दांडीवरचा ताण ओळखतो आणि उलट दिशेने किंचित वाकून स्वर जागेवर आणतो.

“ते हळू वाकण्याचं झालं,” पेडणेकर म्हणाल्या. “इथे सेकंदाला पाच वेळा हलतोय.”

“थराला हवा काय आणि हात काय, फरक कळत नाही, मॅडम. त्याला फक्त ताण कळतो. एखादा ताण पुन्हा पुन्हा एकाच लयीत आला, की तो त्याला दोष समजतो.”

“आणि मग दुरुस्त करतो?”

“करतो. पण हलल्यावर दुरुस्त करायला गेला तर उशीर होतो. म्हणून तो लय पाठ करतो. बोट पडद्यावर टेकलं, की ताण यायच्या आत स्वतःच उलटा झोल द्यायला लागतो. दोन्ही झोल एकमेकांना खातात आणि स्वर सरळ राहतो.”

“आणि बोट स्थिर असेल तर?”

“तर खायला काही नसतं. नुसता उलटा झोल ऐकू येतो. आता आला तसा.” मुजावर स्वतःच्या स्पष्टीकरणावर खूश झाले होते. “म्हणजे दोन्ही गिटारी अशा कुणाच्या तरी हातात होत्या, ज्याचा हात सेकंदाला पाच वेळा...”

ते मध्येच थांबले. पेडणेकरांची नजर कोपऱ्याकडे गेली होती. तुस्कानोंनी कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी बशीवर त्याची बारीक किणकिण चालली होती. ती गेले कित्येक महिने चालली असावी. कुणी ऐकली नव्हती.

पेडणेकरांनी केंद्रातली साधी गिटार काढून त्यांच्यासमोर धरली. तुस्कानोंनी ती घेतली नाही. त्यांनी सांगितले की घरची जुनी गिटार वर्षभर अशीच बिघडली आहे. तारा बदलल्या, पडदे घासून घेतले, दांडी तपासून घेतली, काही उपयोग झाला नाही. कोल्हापूरची हातात आली तेव्हा वाटले, चला, अजून बरी गिटार मिळते जगात. हे सांगताना त्यांच्याच लक्षात येत गेले की ते काय सांगत आहेत. मग त्यांनी गिटार घेतली.

त्यांनी एकच स्वर वाजवला. पडद्यावर नागमोडी रेषा उमटली, यंत्रवादकाच्या रेषेसारखीच, फक्त उलटी.

“गिटार तपासायला बसलो होतो ना आपण?” तुस्कानो म्हणाले, आणि गिटार हलकेच खाली ठेवून बाहेर गेले.

त्यांच्या पत्नी फिलोमिना यांना हाताची थरथर ठाऊक होती. सकाळी चहा सांडतो, बटण लावताना चिडतात, हे त्या पाहत होत्या. विषय काढला की वयाचं आहे, म्हणून ते उठून जात. आता पेडणेकर स्वतः डॉक्टरांकडे सोबत गेल्या तेव्हा तुस्कानोंचा नाइलाज झाला. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून सांगितले की हा कंप जीवावरचा नाही, पुष्कळांना होतो, पूर्ण जाईलच असे नाही पण गोळ्यांनी बराच कमी होऊ शकतो. तुस्कानोंनी गोळ्या खिशात टाकल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

गिटारीचा निकालही लावायचा होता. थर बंद करता येईल अशी कळ बसवल्याखेरीज प्रमाणपत्र मिळणार नाही, असे पेडणेकरांनी कळवले. वादकाचा हात त्याच्यापासूनच लपवणारे वाद्य निर्दोष म्हणता येत नाही, असे त्यांचे मत होते. मुजावरांनी ते मान्य केले. पहिला नमुना कळ नसलेलाच होता. तो तुस्कानोंनी मागून घेतला. निदान एका गिटारीवर तरी आपण पूर्वीसारखे वाजवतो, एवढेच त्यांना हवे होते, आणि त्यात कुणाला वावगे वाटले नाही.

त्यानंतर बरेच दिवस ते केंद्रात आले नाहीत. एका दुपारी आले ते तीच गिटार घेऊन, आणि रागाने लाल होऊन.

त्यांची तक्रार लांबलचक होती. गोळ्या सुरू केल्यापासून ही गिटारसुद्धा बिघडली. आधी सरळ वाजत होती, आता प्यायलेल्या माणसासारखी झोकांड्या खाते. रोज थोडी जास्तच. म्हणजे कंप वाढला. डॉक्टर म्हणाले होते कमी होईल, झाले उलटेच. आज त्यांनी ठरवले होते की गोळ्या बंद. दुपारची घेतलेली नाही, यापुढे घेणार नाही. फिलोमिना यावरून भांडली, पण ती काही गिटार वाजवत नाही. आणि हे सगळे मुळात केंद्राच्या या चौकशीमुळे झाले, नाहीतर ते सुखात होते.

पेडणेकर ऐकत राहिल्या. त्यांना आधी काळजी वाटली, मग कंटाळा आला, आणि मग एकाएकी त्यांनी तुस्कानोंना बोलता बोलता थांबवले.

“वाजवून दाखवा.”

तुस्कानोंनी वाजवले. रेषा नागमोडी आली. पाहा, असा त्यांनी हात केला.

पेडणेकरांनी त्यांच्या मांडीवरची गिटार काढून घेतली आणि साधी गिटार दिली. ते नको म्हणाले. त्या गिटार पुढे धरून उभ्याच राहिल्या, तेव्हा त्यांनी ती घेऊन नाखुशीने बोट दांडीवर टेकवले आणि तार छेडली.

रेषा निघाली ती जवळजवळ सरळ गेली. एक-दोन ठिकाणी बारीक खळगा होता, एवढेच. तुस्कानोंनी पडद्याकडे पाहिले. पुन्हा छेडली. मग दुसरा स्वर, मग वरच्या पट्टीतला. प्रत्येक वेळी स्वर विरेपर्यंत ते थांबत होते.

“मग ती कशाशी भांडतेय?” त्यांनी कोल्हापूरच्या गिटारीकडे बोट दाखवून विचारले.

“तुमच्या आधीच्या हाताशी,” पेडणेकर म्हणाल्या. “तिला तोच पाठ आहे. तो हात आता उरलेला नाही, हे तिला अजून कळलं नाही.”

“म्हणजे ती जितकी वाईट वाजेल तितका मी बरा?”

“तिची सवय सुटेपर्यंत, हो.”

तुस्कानोंच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा वैतागच जास्त दिसत होता. इतके दिवस उगाच रागावलो याचाही त्यांना राग आला असावा. त्यांनी साधी गिटार खाली ठेवली नाही. उजव्या हाताने खिसा चाचपून गोळ्यांचे पाकीट काढले, एक गोळी तळहातावर घेतली, आणि पेडणेकरांकडे पाणी मागितले.