भिंतीपलीकडचा 'यू'

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि खोटं बोलून मला माझं व्रत मोडायचं नाही.

प्रवेश परीक्षेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. भाड्याची माडी, शेजारी-शेजारी दोन खोल्या, मध्ये पातळ लाकडी भिंत. अलीकडे भाची. पलीकडे तिची जिवलग मैत्रीण, बडबडी. डॉक्टर व्हायचं तर दोघींनी, असं ठरलेलं.

ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवणं, घोकायची त्यांची एक रीत होती. हिने भिंतीवर टकटक करून डीएनएचं अक्षर म्हणायचं, तिने आरएनएचं जोडीचं अक्षर द्यायचं.

"ए."

"यू."

सुरुवातीला बडबडी 'यू'च्या जागी हमखास 'टी' म्हणायची.

"अगं बाई, टी डीएनएतच राहिला. पेशंट मारशील एखादा."

"मरू दे. तू आहेस ना वाचवायला."

मग हळूहळू चुका थांबल्या. भाचीला कोण अभिमान... दगडाला पाझर फोडला आपण.

त्या संध्याकाळीही उत्तरं धडाधड येत होती.

फक्त... पलीकडे खुर्ची करकरत नव्हती.

पान उलटत नव्हतं.

हसू तर नव्हतंच...

इतक्यात घरमालकीण काकू वर आल्या.

"कुणाशी बोलतेयस गं? ती दुपारीच सामान घेऊन गेली. तुला बोलली नाही?"

काकूंनी शेजारचं कुलूप काढलं. गादी गुंडाळलेली. खोली रिकामी.

भाचीने फोन लावला. बडबडीने उचलला.

"चुका थांबल्या ना... तेव्हापासून मी बोलतच नव्हते. माझ्या उशाशी बसून ते माझ्याच आवाजात उत्तरं द्यायचं. तू विचारत राहिलीस की तोंड तुझ्याकडे करायचं. माझ्याकडे बघायचं नाही."

"आणि तू मला विचारू दिलंस?"

"भीती वाटायची गं."

"मग आज मला का नाही नेलंस?"

"कुणीतरी विचारत राहायला हवं होतं... नाहीतर ते माझ्या मागे आलं असतं."

फोन बंद झाला.

भाची पास झाली. आता दुसऱ्या गावी शिकते, वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. भिंत पक्की विटांची, पलीकडे नुसता वारा. बडबडीचं नाव काढलेलं तिला चालत नाही.

परवा मी तिच्याकडे उतरले होते. अंघोळ करून आले, तर ही भिंतीशी बसलेली. टकटक केलं. "ए," म्हणाली.

मला काहीच ऐकू आलं नाही...

"बरोबर," ती म्हणाली.

मी तिचा खांदा धरून तिला माझ्याकडे वळवलं. "अगं, कोण आहे ते, ठाऊक तरी आहे का तुला?"

"नसू दे, मावशी. मला टाकून तर नाही ना गेलं."