भिंगाच्या कडेची बाई

पूर्णा जंक्शनात दिनकररावांइतका सरळ रेघेचा माणूस सापडायचा नाही. रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचं काम, आणि घरी नाद एकच, दुर्बिणीसाठी काचा घासायचा. भुताखेताचं नाव काढलं की गृहस्थ ताटावरूनसुद्धा उठायचे. म्हणून त्यांच्या आईनं, धुरपताबाईंनी, ती गोष्ट बरेच दिवस पोटातच ठेवली.

हैदराबादेत मोतीबिंदू काढून म्हातारीला जाडजूड भिंगांचा चष्मा आणला होता. सून सुमनबाई पोटुशी, पहिलीच खेप. नातवाचं तोंड बघायचं म्हणून तर एवढा खटाटोप! पण सुमनबाईंचे दिवस भरत आले तसा धुरपताबाईंनी चष्मा काढून उशाशी ठेवला, तो ठेवलाच.

"माय, घाल ना चष्मा. चाचपडत किती दिवस बसशील?"

"न्हाई बाबा. कडंला एक बाई उभी राहायलीय. नीट बघाया गेलं की गायब."

दिनकररावांना हसूच आलं. हे तर त्यांना ठाऊक होतं. अशा भिंगाचा पृष्ठभाग म्हणजे चेंडूचा काप. कडेला तो गरजेपेक्षा जास्त वाकतो. मग भिंगातून दिसणारं आणि भिंगाबाहेरचं, या दोन्हींच्या मध्ये एक गोल पट्टा राहतो. तिथलं काहीच दिसत नाही. माणूस त्यातून टुणकन बाहेर येतो, टुणकन नाहीसा होतो.

"अगं, सुमनच असणार ती."

"लुगडं सुमनचंच हाय. पोटबी तेवढंच. पर तवा सुमन चुलीपुढं भाकरी थापायलेली असती. आवाज येतो ना मला."

दिनकररावांनी विषय तिथंच तोडला. भीतीवर इलाज एकच, तो पट्टाच बुजवून टाकायचा.

त्यासाठी भिंग मध्ये गोल आणि कडेकडे हळूहळू सपाट होत जाणारं हवं. किती सपाट, ते गणितानं काढायचं. मध्यापासून जरासं सरकायचं, तिथून एक किरण धरायचा, तो काचेत शिरून कुठं वळतो ते लॉगच्या कोष्टकांवर सोडवायचं, त्या जागी काच किती उतरली पाहिजे ते ठरवायचं, की पुन्हा सरकायचं. कचेरीतून आले की चहा घेऊन ते यालाच बसत. आकडे गुणी पोरांसारखे रांगेत येत होते. कडेजवळची एक जागा सोडून.

तिथं काच उतरायचं सोडून वर यायला बघत होती.

त्यांनी पुन्हा सोडवलं. दुसऱ्या रीतीनं सोडवलं. उंचवटा तिथंच. तसला उंचवटा ठेवला तर पट्टा बुजणार नव्हता. दिनकरराव जाम वैतागले.

"पट्टा बुजवलास तर ती कुटं जायची रे?" धुरपताबाईंनी बाजेवरून विचारलं.

"कुठं जायचीय? ती नाहीच आहे, माय."

"तिला काढू नको, दिनकर. मला लय भ्या वाटायलंय."

दिनकररावांनी कागद पुढं ओढला. नकाशावाला एरवी जे करतो तेच त्यांनी केलं. एखादा ठिपका रांगेत बसेना की त्याला चूक म्हणायचं, लवचिक पट्टी बाकीच्या ठिपक्यांवर वाकवायची आणि गुळगुळीत रेघ ओढून मोकळं व्हायचं. त्या रेघेबरहुकूम त्यांनी काचा घासल्या.

रविवारी सकाळी, लख्ख उजेडात, त्यांनी आईच्या नाकावर नवा चष्मा चढवला.

"अगं बया! भिंत सरळ झाली की!" म्हातारीनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, सावकाश सगळं घर पाहिलं. "गेली रे ती. कुटंच न्हाई."

दिनकररावांचा जीव भांड्यात पडला. इतक्यात सुमनबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि हसत बाजेसमोर उभ्या राहिल्या.

"मी दिसते का, आत्याबाई?"

धुरपताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला.

"सुमन? कुटून बोलायलीस ग?"

"ही काय, पुढ्यातच."

"दिनकर, तिला समोर ये म्हण."

दिनकररावांनी आईचा चष्मा काढला आणि हात लांब करून भिंगातून पाहिलं. असं धरलं की सगळं उलटं दिसतं, ते त्यांना माहीत होतं. उलटं दार. उलटा कोनाडा. उलट्या बाजेवर आई.

आणि मध्ये, कशालाच न टेकलेला, तांब्या.

चष्मा हातातून सुटला, शहाबादीवर फुटला.

समोर सुमनबाई उभ्या होत्या. हातात तांब्या, तोंडावर तेच हसू. दिनकररावांनी श्वास सोडला. काचेचाच दोष, दुसरं काय! ते काचांकडं वाकले.

डोळ्याच्या कडेला नुसता तांब्या होता.

त्यांनी झटकन मान वर केली. सुमनबाई होत्या.

"अहो, असं काय बघायलात? जाते मी, भाकरी करपेल."

"थांब," दिनकरराव म्हणाले. "हलू नको."

त्यांच्या डोळ्यांची आग होत होती, पाणी गालावर आलं होतं. पण पापणी लवू द्यायची त्यांची छाती होईना.