ऐंशी नंबरचं दार

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर घडलेली आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. नावंसुद्धा बदललेली नाहीत, एवढंच सांगते.

गाव परभणी. वसमत रोडपासून आत आमचं तीन खोल्यांचं घर. दिवस मागच्या पितृपक्षातल्या नवमीचा, सोमवार.

आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

मी निवेदिता. माहेर वालूरचं. मुकुल यांची मी दुसरी बायको. पहिली सुमंगला, सहा वर्षांपूर्वी तापानं गेली. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय. चष्मा लावलेली, हसरी.

मेलेल्या बाईवर कुणी जळतं का?

मी जळत होते. खोटं कशाला बोलू.

सुमंगला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. घरातला कॉम्प्युटर तिचाच. मला काही अडलं की मुकुल सहज म्हणायचे, सुमीला हे पाच मिनिटांत जमायचं. त्यांच्या मनात वाईट नसायचं. पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून मी वेबसाइट बनवायचा कोर्स लावला. उन्हाळ्यात हट्ट करून कॉम्प्युटरला नवी हार्डडिस्क बसवून घेतली. जुनी, तिची, भंगारात दिली. मुकुल दोन दिवस नीट जेवले नाहीत, इतकंच.

तिचं आता त्यात काहीही उरलं नव्हतं.

कोर्सचं शेवटचं काम होतं घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालू करायचं. म्हणजे आपण बनवलेलं पान आपल्याच मशीनवरून ब्राउझरमध्ये उघडून दाखवायचं. सर्टिफिकेटशी मला देणंघेणं नव्हतं. मला मुकुलच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ऐकायचं होतं की निवेदिताला जमलं.

त्या दिवशी अविधवा नवमी. नवरा हयात असताना जी बाई जाते, तिच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. आमच्याकडे शेजारच्या शिवकन्याताई येतात. पुरण, ओटी, सगळं मीच करते. तीन वर्षं केलं, सवतीसाठी. यंदा सकाळी उठले आणि वाटलं, नाही करत जा. शिवकन्याताईंना फोन करून नका येऊ म्हटलं. पेडगावहून सासूबाईंनी फोन करून विचारलं, सवाष्ण जेवली का. मी म्हटलं, आत्ताच जेवून गेल्या. मुकुलनी ऑफिसातून विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं.

मग निवांत कॉम्प्युटरसमोर बसले.

सर्व्हर चालू केला. पडद्यावर त्याचं नाव हिरवं झालं... आणि लगेच विझलं.

पुन्हा केला. पुन्हा विझलं. खाली लाल अक्षरांत आलं की ऐंशी नंबरचा पोर्ट आधीच कुणीतरी घेतलाय.

माझ्या क्लासच्या योगीराज सरांना फोन लावला. त्यांनी समजावलं की पोर्ट म्हणजे दार समजा. सर्व्हर नेहमी ऐंशी नंबरच्या दारात उभा राहतो. तिथं दुसरा एखादा प्रोग्रॅम आधीच उभा असेल, तो शोधून बंद करा. त्यांनी सांगितलेली कमांड मी टाकली. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा एक नंबर असतो; जो दारात उभा होता, त्याचा आला. तो नंबर चालू प्रोग्रॅमच्या यादीत शोधला.

यादीत तो नंबर नव्हता.

वरपासून खालपर्यंत तीनदा पाहिलं. एकेक करून सगळे प्रोग्रॅम बंद केले. इंटरनेटची वायर काढून ठेवली. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला.

दार अजून अडलेलंच होतं.

सर म्हणाले, जाऊ द्या मॅडम, तुम्ही ८०८० नंबरचं दार घ्या, काही फरक पडत नाही. मला एकदम राग आला. मी का सरकू? माझं घर, माझा कॉम्प्युटर. फोन ठेवून दिला.

मग वाटलं, बघू तरी दारात कोण आहे ते. ब्राउझरमध्ये आपल्याच मशीनचा पत्ता टाकला, localhost. एंटर मारलं.

पान उघडलं. पांढरं. आणि मधोमध एकच ओळ...

मी आहे इथं.

मराठीत.

मी कॉम्प्युटरमधलं एकूण एक फोल्डर धुंडाळलं. ती ओळ कुठंच नव्हती. घर अगदी शांत होतं. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. ते माझ्या लक्षात आलं, आणि मग मात्र मला तिथं बसवेना.

कॉम्प्युटर बंद केला. भिंतीवरचं बटणही बंद केलं. घराला कुलूप लावून स्कूटी काढली आणि सरळ क्लासवर गेले. सरांनी ऐकून घेतलं, हसले, कुणीतरी चेष्टा केली असेल म्हणाले. दार बदलायची फाइल कुठली, ते कागदावर लिहून दिलं. यायला-जायला तासभर लागला असेल.

परत आले तर फाटकापाशी शिवकन्याताई उभ्या. चेहरा उतरलेला.

"बाहेर कवा गेल्या वो तुमी?" त्यांनी विचारलं. "आत्ता तर घरात होत्या."

मी म्हटलं, मी तासापूर्वीच गेले.

"न्हाई वो. तुमी येऊ नका म्हनल्या, म्हटलं बरं न्हाई का काय, बघून यावं. खिडकीतून हाक मारली. तुमी पाठ करून कंप्युटरवर बसल्या होत्या. लय भरभर टाईप करायल्या होत्या. दोन हाका मारल्या, तर हातानंच थांबा म्हनल्या." मग माझ्या डोळ्यांकडे बघून त्या म्हणाल्या, "चष्मा कवा लागला तुमाला?"

मला चष्मा नाही.

आणि खरं सांगू? त्या भीतीतसुद्धा मनात काय आलं... मला भरभर टाईप करता येत नाही. एका बोटानं करते मी. तिथंही ती माझ्यापुढे.

कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये. शिवकन्याताईंना सोबत घेऊन आत गेले.

कॉम्प्युटर चालू होता.

खुर्ची मागे सरकवलेली होती, माणूस उठून जाताना सरकवतो तशी.

शिवकन्याताई देवाचं नाव घेत निघून गेल्या. मीही जायला हवं होतं. पण साडेपाचला मुकुल येणार होते, आणि मला हरायचं नव्हतं. कागदावर लिहिलेली फाइल उघडली. ऐंशीच्या जागी ८०८० केलं. मोठ्यानं म्हटलं, "घे तुझं दार."

सर्व्हर हिरवा झाला. हिरवाच राहिला. पत्त्यापुढे ८०८० टाकलं तर माझं पान उघडलं, माझ्या नावाचं, झेंडूच्या फोटोचं. मी रडले. आनंदानं, की कशानं, कोण जाणे.

मुकुल आले. मी हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं, बघा म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले. कान बाहेरच होते.

चहाला उकळी आली, मी तो कपात गाळला.

मग ते हसले. असं हसताना मी त्यांना लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. आणि म्हणाले, "जमलं की गं..."

मी कप घेऊन दारापर्यंत पोचले होते.

"...सुमे."

पडद्यावर माझं पान नव्हतं. पत्त्यातला ८०८० आकडा गेला होता, म्हणजे ते पुन्हा ऐंशीचं दार होतं, तिचं. पान पांढरं होतं, पूर्ण कोरं. मला पाहून ते गडबडले. मी विचारलं, काय म्हणालात? तर म्हणाले, काही नाही.

नंतर सर्वपित्री अमावस्येला मी शिवकन्याताईंना बोलावून जेवू घातलं. सुमंगलाच्या फोटोपुढे माफी मागितली. मनापासून मागितली का, ते माझं मला माहीत नाही. कॉम्प्युटर विकून टाकू म्हटलं, तर मुकुल पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले.

आता ते ऑफिसातून आले की कपडेही न बदलता तिथं बसतात. मी मागे जाऊन उभी राहते. मला पान कोरंच दिसतं. त्यांची नजर मात्र डावीकडून उजवीकडे जात राहते, ओळीमागून ओळ. मध्येच हसतात. मी तिथं उभी आहे, हे त्यांना कळतसुद्धा नाही.

गेल्या गुरुवारी मी अशीच मागे उभी होते. त्यांनी पडद्याकडे बघून मान हलवली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. हळू आवाजात म्हणाले...

"बरं. सांगतो तिला."

आज सोमवार. त्यांनी मला अजून काही सांगितलेलं नाही.