तिसऱ्या पाळीची टेप

बुधवारी सकाळी यमुताईंच्या महाल भागातल्या घरी आलेल्या मुलीनं चहाच्या आधी टेबलावर पत्र्याचा गोल डबा ठेवला. डबा रिकामा होता.

“यात आमची टेप होती. काल संध्याकाळी पाहिलं तर गायब.”

मनोहररावांनी वही उघडली. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर यमुताईंनी खाजगी तपासाची पाटी लावली, तेव्हापासून शेजारधर्म म्हणून टिपणं घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. हरवलेले नवरे त्यांना सवयीचे होते. टेप पहिल्यांदाच हरवली होती.

मुलीचं नाव गोपिका. ‘भोंगा’ या बँडची ती गायिका. चंद्रभान गिटार वाजवायचा आणि नत्थू लोखंडी पत्र्यांवर घण मारायचा. तिघंही गिरणी कामगारांची मुलं. ‘पहिली पाळी’ आणि ‘दुसरी पाळी’ या कॅसेटी त्यांनी घरीच भरून वाटल्या होत्या. आता ‘तिसरी पाळी’ तयार होती आणि मुंबईच्या कंपनीचा माणूस शुक्रवारी ऐकायला येणार होता.

“या टेपेत मिलचे माग आहेत,” गोपिका म्हणाली. “मिल बंद व्हायच्या आधी चंपतकाकांनी मले आत नेलं होतं, मागांचा आवाज घ्यायले. रविवारी एकटीनं बसून मी तो आवाज गाण्यांत भरला. सोमवारी चंद्रभान, नत्थू अन् काकांले एकेक कॅसेट दिली. पण कॅसेट साठ मिनिटांची. शेवटचं गाणं मधातच तुटते. पूर्ण फक्त या टेपेवर होतं.”

“कुलूप तोडलं?”

“नाही. आमच्या सरावाच्या खोलीची किल्ली चौकटीवर असते, हे आम्हा चौघांलेच माहीत. टेपरेकॉर्डरचं झाकण उघडं होतं अन् स्टूल जवळ ओढलेला.”

“म्हणजे चोर आधी ऐकत बसला,” यमुताई म्हणाल्या. “आणखी काय होतं तिथं?”

गोपिकेनं मान खाली घातली. “कंपनीचं पत्र. मशीनची खरखर काढा, मग पाहू, असं लिहिलं आहे. मी हो म्हणून उत्तर लिहून ठेवलं होतं. मागांचा आवाज टेपेवर वेगळ्या पट्ट्यावर आहे, तेवढाच पुसता येते.”

चंद्रभान सीताबर्डीवर वाद्यांच्या दुकानात भेटला. तो रागातच होता. “मशीनच्या आवाजाखाली माझा गिटार दबून राहिला, हे खरं आहे. पण टेप मी काहून चोरू? माग तर गोपिका पुसणारच होती ना.”

“कॅसेट ऐकलीस?”

“तीनदा. तुटते तिथपर्यंत.”

नत्थू वाडी भागात ट्रकच्या गॅरेजमध्ये होता. “मले तर मुंबईले जायचं आहे, बाई. माग राहो की जावो,” तो म्हणाला. “शेवटचं गाणं कसं संपवलं, तेही गोपिकेनं सांगितलं नाही. शुक्रवारीच ऐक म्हणाली.”

चंपतराव गिरणीच्या चाळीत एकटेच राहत. मागखात्यात त्यांनी छत्तीस वर्षं जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, म्हणून काढली होती. त्यांनी दोघांना खाटेवर बसवलं.

“कॅसेट ऐकली, ताई. पोरीनं मान ठेवला. पोरगा पत्रे वाजवायचा थांबते, गिटार थांबते, पोरगीही गप्प होते, अन् माग एकटाच चालत राहते. माणूस बसल्या जागी उभा राहते.”

मनोहररावांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्यांच्याकडून काहीच निसटलं नाही, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी यमुताईंनी सगळ्यांना वाडीतल्या, बँडच्या सरावाच्या खोलीत बोलावलं. गोडाऊनमागची ती खोली ट्रक गेला की हादरायची.

“मनोहरराव, चंपतरावांचं वाचा.”

त्यांनी वाचलं. ऐकता ऐकता गोपिका एकदम उभी राहिली.

“हा शेवट आहे,” ती म्हणाली. “हे कॅसेटवर नाही.”

“कॅसेट तुटते हे चंद्रभाननं सांगितलं,” यमुताई शांतपणे म्हणाल्या. “शेवट माहीत नाही हे नत्थूनं सांगितलं. शेवट केला गोपिकेनं, एकटीनं. मग तो ज्याला ठाऊक आहे, तो या स्टुलावर बसून टेप ऐकून गेला. पैशासाठी आलेला माणूस ऐकत बसत नाही. चंद्रभानला माग नकोच होते, नत्थूला मुंबई हवी होती. टेप नेली तर माग वाचणार होते, आणि ते वाचायला हवे होते फक्त एकाला.”

चंपतरावांनी पिशवीतून धोतरात गुंडाळलेली टेप काढून ठेवली.

“पोरीले भेटायले आलो होतो. पत्र दिसलं,” ते म्हणाले. “माग भंगारात गेले. आवाज तेवढा राहिला होता. मी तुझ्याशी बोलायले पाहिजे होतं, पोरी. चोरायले नको होतं.”

गोपिकेनं कंपनीला लिहिलेलं आपलं उत्तर फाडलं आणि चंद्रभानकडे वळली.

“तुह्या गिटारचा आवाज वाढवू. माग जाणार नाही.”

चंद्रभाननं नत्थूकडे पाहिलं. नत्थूनं खांदे उडवले. “माहा बाप त्याच खात्यात होता,” तो म्हणाला. “राहू दे.”

शुक्रवारी मुंबईचा माणूस शेवटपर्यंत ऐकून गेला. कळवतो म्हणाला, कळवलं नाही. पोरांनी कॅसेटी पुन्हा स्वतःच भरल्या. पहिली घेऊन गोपिका चाळीत गेली, तेव्हा यमुताई आणि मनोहररावही होते. आतल्या कागदावर चार कलाकारांची नावं छापली होती. चौथं होतं, ‘माग: चंपतराव’.

म्हाताऱ्यानं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. चाळीतली माणसं दाराशी जमली होती.

“चुकलं वं, पोरी,” ते म्हणाले. “नुसता माग नाही. शेवटी एकटा चालते, तो माग नंबर एकशेबारा.”

गोपिकेनं मनोहररावांचा पेन मागून घेतला आणि तिथंच आकडा लिहिला.