सॅकवरची चिंधी

खिडकी लावून घ्या पोरांनो, बर्फाचा वारा आत शिरतोय. बुइरा शहराकडचा रस्ता आता सकाळीच मोकळा होईल. तोवर शेगडीपाशी सरका, कॉफी घ्या आणि ऐका. हे मला कुणी सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी बस मी चालवत होतो.

"लूनिसकाका, सकाळपासूनच्या तुमच्या सगळ्या गोष्टींत बस तुम्हीच चालवता!"

मग? तीस वर्षं दुसरं काय केलंय मी? ऐक गुमान.

मागल्या वर्षीचा नोव्हेंबर, शेवटचा शुक्रवार. सकाळच्या सातच्या गाडीला यूबा चढला. वीस वर्षांचा पोरगा, भाजीबाजारात क्रेट उचलायचा. शाळा अर्ध्यात सोडलेली, राग कायम नाकावर. माझ्या मागच्याच सीटवर बसला, सॅक मांडीवर घेतली. सॅकच्या पट्ट्याला एक नारिंगी चिंधी बांधलेली होती, मळून काळपट झालेली.

"एकटाच?" मी विचारलं.

"चिंध्या काढायला चाललोय काका. ताऊसबाई म्हणाल्या, वर्ष झालं, आता काढायला हव्यात. कुणी जाईना. म्हटलं, मी जातो."

मी आरशात पाहिलं नाही. पाहवलं नाही.

तुम्ही या जंगलात पहिल्यांदाच आलात, म्हणून सांगतो. दर शुक्रवारी ताऊसबाई शहरातल्या पोरांना माझ्या बसनं इथं राखीव जंगलात भटकायला आणायच्या. उतरताना बाई पुढे. जिथं वाट फुटते तिथं झाडाला नारिंगी चिंधी बांधत जायच्या. सगळ्यांच्या मागे पिछाडीचा माणूस. शेवटचा गडी पुढे गेला की तो चिंधी सोडून खिशात घालणार. चिंधी निघाली म्हणजे मागे कुणी राहिलं नाही. नवख्याच्या सॅकलाही तो एक चिंधी बांधायचा आणि बसपाशी पोचल्यावर स्वतःच्या हातानं सोडायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग सगळे चढले की बसच्या पाठीवर दोन थापा. त्या थापा ऐकल्याशिवाय मी गाडी हलवत नसे.

पिछाडीला असायचा आक्ली. यूबाचा थोरला भाऊ. फुटबॉलमध्ये गुडघा गेलेला, हातात काठी. चालला की आधी टक, मग पाय ओढल्याचा सर्र. दर शुक्रवारी मला विचारायचा, "काका, गाडीला ब्रेक आहेत, की आम्ही नुसतं देवाचं नाव घ्यायचं?"

"तुझ्या गुडघ्यापेक्षा बरे आहेत," मी म्हणायचो.

त्याच्या आदल्या वर्षीचा हाच शुक्रवार. आक्लीनं धाकट्याला पहिल्यांदा आणलं, त्याच्या सॅकला चिंधी बांधली. वर झऱ्यापाशी सगळे जेवायला बसणार, तेवढ्यात कुणीतरी यूबाला तिथली पाटी वाचायला सांगितली. तो अडखळला, भलतंच वाचलं. पोरं हसली. आक्लीही हसला.

"अरे, कांद्याच्या पोत्यावरचं बरं वाचतोस!"

एवढंच. यूबा तोंड धुवायला म्हणून सॅकसकट उठला, आडवाटेनं सडकेला लागला आणि एका ट्रकमधून घरी गेला. मोबाइल बंद केला. आईनं वाढलं. जेवला. झोपला.

इकडे आक्लीनं बाकीच्यांना पुढे पाठवून झरा पालथा घातला. अंधार पडताना बसपाशी आला, यूबा तिथं असेल म्हणून. नव्हता. धुकं उतरत होतं, वर मोबाइलला रेंज नाही.

"तुम्ही न्या यांना," मला म्हणाला. "फुगून बसला असेल कुठंतरी. घेऊन येतो."

"अरे, रात्र होतेय. गुडघा बघ तुझा."

"काका, माझा भाऊ आहे तो."

दोन थापा मारल्या त्यानं. त्या थापा खोट्या होत्या, हे मला कळत होतं. तरी मी गाडी सोडली.

बुइराला पोचल्यावर मी सरळ त्यांच्या घरी गेलो. दार वाजवलं. दार यूबानं उघडलं. डोळे चोळत...

आम्ही त्याच रात्री माघारी फिरलो. बर्फ पडायला लागलं होतं. आक्ली तिसऱ्या दिवशी कड्याखाली सापडला. खिशात फडक्यात बांधलेली भाकरी आणि सुकी अंजिरं होती. यूबाच्या वाट्याची.

झऱ्यापासून सडकेपर्यंतच्या सातही चिंध्या झाडांवर तशाच होत्या. त्याच्या लेखी एक गडी अजून मागे होता ना.

यूबाच्या सॅकवरचीही तशीच राहिली. पावसात भिजून गाठ दगडासारखी झाली. आईनं सॅक धुवायला काढली, दातांनीही गाठ सुटेना. तिनं कात्री घेतली, तर पोरानं कात्री हिसकावून अंगणात फेकली. आईवर ओरडला. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडला.

तर त्या शुक्रवारी तो वर गेला. पुढचं त्यानं मला बुइरापर्यंतच्या वाटेत सांगितलं.

पहिल्या चिंधीपाशी हात वर केला. बोटं चालेनात. चिंधी काढली म्हणजे मागे कुणी नाही, असं झालं असतं. एकही न काढता तो झऱ्यापर्यंत गेला. दिवसभर त्या पाटीसमोर बसून राहिला. पाच वाजता उठला. माझी शेवटची गाडी पावणेसहाची.

वरची पहिली चिंधी देवदाराला होती. तिला नुसता हात लावला आणि पुढे निघाला. दहा पावलांवर सहज वळून पाहिलं.

देवदार मोकळा होता.

वाटलं, झाड चुकलं असेल. दुसऱ्या चिंधीपाशी थांबला. नीट पाहिली. हातात धरली. दहा पावलं गेला. वळला.

नव्हती.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. मग मागे आवाज आला.

टक... सर्र...

यूबा पळाला. तिसरी गेली, चौथी गेली. मागचा आवाजही घाईला आला. टक-सर्र. टक-सर्र. मग काहीतरी आपटलं. धाप लागल्याचा आवाज. कुणीतरी दगडाला धरून उठत होतं...

आणि यूबाच्या ध्यानात आलं. आपण पळालो की त्यालाही पळावं लागतंय.

तो थांबला. मागे पाहिलं नाही.

"दादा... गुडघा सांभाळ."

मागे नुसती धाप.

"हळू चालतो मी. तू ये सावकाश."

तो चालायला लागला. म्हाताऱ्यासारखा, एकेक पाऊल. मागे टक, सर्र. पाचवी चिंधी. सहावी. दातावर दात वाजत होते, पण पावलं भरभर उचलली नाहीत त्यानं.

सातव्या चिंधीपाशी सडक दिसली. बसचे दिवे दिसले. तिथं त्याचे पाय थांबले. मागचेही थांबले.

"दादा, मी वर नव्हतोच रे. मी घरी होतो. जेवून झोपलो होतो. तू मला हाका मारत होतास, आणि मी..."

...

"रागव ना. शिवी दे. काहीतरी बोल."

...

मग अगदी जवळ, पाठीशी... टक.

तो धुक्यातून एकटाच बाहेर आलेला मी पाहिला. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तो चढला, माझ्या मागे बसला. तोंड राखेसारखं. मी काही विचारणार, तेवढ्यात बसच्या पाठीवर...

दोन थापा.

माझ्या पायानं गाडी सोडली, पोरांनो. तीस वर्षांची सवय. वळणावर आलो तेव्हा ध्यानात आलं. मी करकचून ब्रेक मारला.

"थांबा काका!" यूबा दाराशी धावला. "दादा चढायचाय! दादा राहिलाय!"

तसाच माघारी गेलो. इंजिन बंद केलं. पाऊण तास दार उघडं ठेवून बसलो दोघं. रस्त्यावर नुसतं धुकं. टॉर्च घेऊन मी सातव्या झाडापर्यंत गेलो. त्यावर काही नव्हतं.

शेवटी मी दार लावलं. यूबानं तोंड लपवायला सॅक मांडीवर ओढली. आणि तसाच राहिला. मी आतला दिवा लावला.

सॅकचा पट्टा मोकळा होता. जिथं वर्षभर ती गाठ होती, तेवढं बोटभर कापड अजून नवंकोरं, निळं होतं.