दारातली खुर्ची

सकाळी साडेसहाला दिंद्रुडच्या शिवारात ट्रॅक्टरच्या धडकेने मेंढपाळ बंकट ठार झाला. ट्रॅक्टर हरिओमचा. तो म्हणाला, रात्रीच चोरीला गेलता. चालवणाऱ्याला पाहिले एकट्या वच्छलाबाईंनी, म्हणजे हरिओमच्या आईने. बंकटच्या बायकोला, अंजनाला, त्या तिथेच म्हणाल्या, "म्या पाह्यलंय. सांगीन."

आठवड्याने घरच्यांनी त्यांची स्मरणशक्ती तपासून घेतली. निष्कर्ष स्मृतिभ्रंशाचा. आता त्यांच्या साक्षीला कोण विचारणार? अंजनाने बीडहून खासगी गुप्तहेर सायली धस यांना आणले. सोबत मदतनीस बजरंग.

चाचणी घेणाऱ्या मंजुषांना सायलीने हरिओमच्या घरी बोलावले. त्या ठाम होत्या. "डोळे मिटा म्हटलं, मिटले. कागदाची घडी घातली. पण वार, गाव, लक्षात ठेवायचे तीन शब्द... एकही उत्तर नाही. नुसता पदर ओढत राहिल्या."

मागच्या गोठ्यातून वच्छलाबाईंचा आवाज आला, "ए कबरे, तिकडं कावून चाललीस?"

"शेळी आठवती, वार न्हाई," बजरंग हसला. "वार मला बी आठवत न्हाई."

ओसरीवर आप्पाराव बसले होते, वच्छलाबाईंचे भाया. नवऱ्याचे थोरले भाऊ.

"चाचणीला तुम्ही होता?" सायलीने विचारले.

"दारातच. सूनबाईनं खुर्ची टाकली. म्हणली, वडीलधारं माणूस पायजे."

"मानाचं माणूस हाय," हरिओमची बायको उज्ज्वला म्हणाली. "त्यात काय चुकलं?"

सायलीने बजरंगला आप्पारावांसोबत चहाला पिटाळले आणि मंजुषांना गोठ्यात पुन्हा चाचणी घ्यायला लावली. वच्छलाबाईंनी वार सांगितला, गाव सांगितले, तिन्ही शब्द सांगितले.

पोलीस ठाण्याच्या बीट जमादारासमोर आप्पाराव सोडून सगळे अंगणात जमले.

"मंजुषाताई, तुमचे गुण खरे, अर्थ चुकला," सायली म्हणाली. "करून दाखवायचं ते सगळं जमलं. तोंडाने सांगायचं एकही नाही. विसर असा निवडून पडत नाही. जुन्या रीतीने आजी भायासमोर कधी बोलल्या नाहीत. चाचणीत भाया समोर होते. हे माहीत असूनच कुणीतरी खुर्ची टाकली."

मंजुषांनी मान खाली घातली. "का बोलत नाहीत, एवढं तरी मी विचारायला हवं होतं."

"मीच टाकली," उज्ज्वला रडू लागली. "माझं घर मोडलं असतं हो..."

हरिओम खांबाला टेकून उभा होता.

"मावशी," जमादार म्हणाला, "ट्रॅक्टरवर कोण होतं?"

वच्छलाबाईंनी मुलाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "अंजने, माझ्याजवळ बस."

अंजना बसली. वच्छलाबाईंनी तिचा हात धरला. संध्याकाळी सातपर्यंत त्यांनी नाव घेतले नव्हते. हातही सोडला नव्हता.