हाताच्या उंचीचा डाग

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक हात भिंतीला लावून आपल्याच घरात चालून बघा बरं! दार कुठे, खुंटी कुठे, स्वयंपाकघराची पायरी कुठे... सारं बोटांना विचारत जायचं. दोन पावलांत हसू फुटेल, नाही? मुंगीच्या आत्याला मात्र हसू येत नसे. कारण तिने डोळे उघडले तरी धुकंच दिसे, आणि ही गोष्ट तिने घरात कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नव्हती.

आईवडील गेल्यावर शिंप्याच्या दुकानाची काजं-बटणं करून तिने धाकट्या भावाला वाढवलं, स्वतःच्या संसाराचं नावही काढलं नाही. आता भाऊ-भावजय दिवसभर कामावर, आणि सहा वर्षांची मुंगी आत्याच्या पदराला. ‘न दिसणाऱ्या बाईच्या स्वाधीन पोर कोण ठेवील? माझ्यापासून तोडतील तिला!’ या एका भीतीने तिच्या तोंडाला कुलूप घातलं होतं. कामाचे पिठा-तेलाचे हात भिंतीला लावतच ती वावरे, आणि घर रिकामं झालं की ओलं फडकं घेऊन अंदाजाने भिंत पुसून काढी.

त्या संध्याकाळी, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवरचा मळकट पट्टा पाहून भावजयीचा पारा चढला.

“मुंगे! भिंतीला हात पुसलेस?”

“मी नाही गं आई!”

“मग भिंतीला काय आपोआप मिशा फुटल्या?”

“मिशा असत्या तर नाकाखाली असत्या,” मुंगी पुटपुटली, आणि पाठीत धपाटा बसला.

तो धपाटा आत्याच्या काळजावर बसला! सांगावं तर पोर हातची जाते, गप्प राहावं तर पोर विनाकारण मार खाते... “तिला मारू नकोस गं,” ती कशीबशी म्हणाली, “मी पुसते ना... आत्ता लख्ख करते!” बादलीत फडकं पिळून ती भिंतीशी गेली आणि जीव ओतून घासू लागली.

भावजय बघतच राहिली. फडकं कोऱ्या भिंतीवर फिरत होतं. तिथला रंग उडून गिलावा दिसू लागला, आणि वीतभर वर तो पट्टा जसाच्या तसा!

“निघाला का गं?” आत्याने विचारलं.

भावजय पुढे झाली. तिने आत्याचा हात अलगद उचलून पट्ट्यावर ठेवला. बरोब्बर त्याच उंचीचा! मुंगीला तिथे पोचायला टाचा उंचवाव्या लागल्या असत्या, आणि टाचा उंचावून कुणी घरभर फिरतं का?

“ताई... कधीपासून?”

“मुंगीला नेऊ नका गं!” आत्याला हुंदका आवरेना. “तिच्या पावलांवर माझा कान असतो... दूध उतू जायच्या आधी मला वास येतो... तिला काही होऊ देणार नाही मी!”

“तुमच्यापासून कुठे नेऊ तिला?” भावजय तिच्या गळ्यात पडली. “रोज तुमच्या हातचं जेवलो, आणि एकालाही कळू नये हो!”

दुसऱ्या दिवशी भाऊ तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी आला असता तर... एवढं बोलून ते थांबले. बाहेरच्या बाकावर तो मोठा बाप्या लहानपणीसारखा ताईचं मनगट धरून बसला.

घरी परतल्यावर भावजय म्हणाली, “तो पट्टा आता कुणी पुसायचा नाही!” पण आत्याला पट्टा दिसत थोडाच होता? स्वयंपाकघराशी येताच ती अडखळली.

“ही पायरी मेली दरवेळी दगा देते,” ती हसून म्हणाली. तिच्याबरोबर हसायचं बळ कुणालाच झालं नाही.

मुंगीने मात्र आत्याचा बटणांचा जुना डबा उपडा केला. त्यातलं कोटाचं सगळ्यात मोठं बटण शोधलं, त्याला गोंद फासला, आणि पायरी येते तिथे, बरोबर त्या मळकट पट्ट्यावर, टाचा उंचावून ते चिकटवलं. मग गोंद वाळेपर्यंत ती तशीच, अंगठ्याने बटण दाबून धरून उभी राहिली.